भरड माशांचं तळं

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग मानतात. सॅमन आणि ट्राउट हे ‘गेम’ मासे. रोच, पर्च, टेंच, ब्रीम, कार्प वगैरे उरलेले सगळे ‘कोर्स’. कोर्स म्हणजे भरड. इथे आल्यावर हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला ज्वारी आणि नाचणी आठवली. गव्हा-तांदळाच्या खालच्या पंगतीत बसवलेलं हे धान्य निम्म्या महाराष्ट्राचं पोट भरत आलंय. या माशांचंही तसंच झालं. सॅमनच्या नद्या जमीनदारांच्या, तिथे गळ टाकणं महाग. भरड मासा काटेरी, चिखलाच्या वासाचा, म्हणून मोठ्यांच्या ताटात त्याला जागा नव्हती. कालव्यावर, गावतळ्यावर, खाणीच्या खड्ड्यावर तो सामान्य माणसाच्या वाट्याला आला. शेफिल्डच्या कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी रेल्वेने गळ टाकायला जात. याच माशांना अंडी घालायला उसंत मिळावी म्हणून 1878 साली बंदीकाळाचा कायदा झाला, आणि तो पुढे नेणारा मुंडेला हा शेफिल्डचाच खासदार होता.

मी ज्या तळ्यावर जातो ते रेडिंगच्या बाहेर, एका गावाच्या कडेला आहे. दोन एकरांचं. विटांसाठी चिकणमाती काढली, खड्डा उरला, खड्ड्यात पाणी आलं. एका छोट्या क्लबाकडे ते भाड्याने आहे. अकरा वर्षांत मी त्याच्या काठावर जेवढा बसलो असेन तेवढा इथल्या कुठल्याही घरात बसलेलो नाही. गेल्या वर्षी रेडिंग आणि स्लाऊमधल्या तीन मराठी घरांतली मुलं आमच्याकडे गळ टाकायला शिकली. त्यांच्या आईबापांचे फोन येतात: कधी यायचं, गळाला काय लावायचं, कुठे बसायचं? फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मला पहिला गळ दिला आबांनी, म्हणजे आजोबांनी, वारणेच्या काठावर. ज्वारीच्या ताटातलं भेंड काढून ते दोरीला बांधायचे. भेंड बुडालं की मासा लागला. गांडूळ नसेल तर कणकेच्या गोळीत चिमूटभर हिंग. वाम, मरळ, शिंगटा, जे लागेल ते संध्याकाळी कालवणात. आबा काठावर आल्या आल्या गळ कधीच टाकत नसत. चप्पल काढून पाय पाण्यात सोडून बसायचे, तंबाखू मळायचे, आणि माझी चुळबुळ बघून म्हणायचे, “पान्याला इचारल्याबिगार गळ टाकू नगंस.” पाण्याला विचारायचं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं नाही. इथल्या तळ्याचे राखणदार, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात थर्मामीटर दिला तेव्हा थोडं कळायला लागलं. तो दोरीला बांधून, हातभर खोल सोडून, दोन मिनिटं थांबून वाचायचा आणि आकडा वहीत लिहायचा. गळाची पेटी त्यानंतर उघडायची.

आधी कायद्याचं, थोडक्यात. 13 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला रॉड लायसन्स, म्हणजे गळ टाकायचा सरकारी परवाना, लागतं. 13 ते 16 वयाच्या मुलांना ते फुकट आहे, पण काढावं लागतं. त्याशिवाय तळ्याच्या मालकाची किंवा क्लबाची परवानगी वेगळी. शिशाचे बारीक मणी दोरीला लावायला 1987 पासून बंदी आहे, कारण ते गिळून हंस मरत होते. दुकानात बिनविषारी धातूचे मणी मिळतात, तेच घ्या. आमच्याकडे गळाला उलटा काटा चालत नाही. गुळगुळीत गळ माशाच्या ओठातून सहज निघतो, आणि मुलांच्या बोटातूनही.

आता ठाव. तळं केवढं खोल आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. गळाला ठाव घ्यायचं वजन अडकवा आणि भेंड (इथे त्याला फ्लोट म्हणतात) दोरीवर वरखाली सरकवत राहा. भेंड पाण्याखाली गेलं तर दोरी कमी पडतेय. आडवं पडलं तर जास्त झालीय. फक्त शेंडा वर राहिला की तळ सापडला. हे एका जागी करून भागत नाही, समोरच्या दहा हातांत चार-पाच ठिकाणी करायचं. आमच्या तळ्याची पश्चिमेची बाजू कमळांची, तिथे अडीच फूट पाणी. मधे पाच. पूर्वेच्या बांधाशी एकदम आठ फूट, आणि या उतरणीवर एक फूटभर रुंद पायरी आहे, माती काढणाऱ्यांनी सोडलेली. त्या पायरीवर मी अकरा वर्षांत जेवढे मासे पाहिले तेवढे बाकीच्या तळ्यात मिळून पाहिले नसतील. नव्या माणसाचा सगळा पैसा आणि सगळी चिंता आमिषावर जाते. माझं म्हणणं असं की जागा बरोबर असेल तर साध्या पावावरही मासा येतो, आणि जागा चुकली तर दुकानातला सर्वांत महाग डबाही पाण्यातच जातो.

एक सुखद गोष्ट इथेच सांगतो. इथले जुने लोक अजूनही मोरपिसाच्या काडीचं भेंड वापरतात. हलकं, सरळ, पाणी न शोषणारं. आजकाल प्लास्टिकची ढिगाने मिळतात, पण मी मोरपिसाचीच वापरतो. आमिषाला हळदही लावतात! मॅगट, म्हणजे माशीच्या अळ्या, इथे दुकानात पाइंटच्या मापाने मिळतात. रोच पकडायचा तर त्यांच्यावर हळद भुरभुरायची ही जुनी रीत आहे. कालवलेल्या चाऱ्यात धण्याची पूड घालतात, आणि जुन्या इंग्रजी नुसख्यांत हिंगही सापडतो. आबांना हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

मार्चमध्ये पाणी सात-आठ अंशांवर येतं आणि तळं जागं होऊ लागतं. त्या दिवसांत वारा बघायचा. नैऋत्येचा ऊबदार वारा दोन दिवस सलग वाहिला की वरचं कोमट पाणी तो समोरच्या काठाला नेऊन लावतो, आणि मासा त्याच्या मागे जातो. वारा तोंडावर घेऊन बसा. गारठतं, पण मासा तिथेच असतो. उलट वारा पूर्वेचा, कोरडा आणि बोचरा असेल तर त्याच्याकडे पाठ करून आडोशाला बसा. एप्रिलमध्ये पर्च अंडी घालतो. पाण्यात वाकलेल्या फांद्यांवर जाळीदार पांढुरक्या माळा सोडलेल्या दिसतात, मोगऱ्याचे गजरे भिजत ठेवावेत तशा. मग रोच. मे महिन्याच्या शेवटी पाणी अठराच्या पुढे गेलं की कार्प, आणि त्याच्या आसपास टेंच.

इथे मला जरा थांबायचंय.

या देशात नद्यांवर 15 मार्च ते 15 जून भरड मासा धरायला बंदी असते. तळ्यांवरची सरसकट बंदी 1995 साली उठली, कालव्यांवरची 2000 साली. म्हणजे आमच्या तळ्यावर कायद्याने बाराही महिने गळ टाकता येतो. तरी आमचा क्लब मेच्या मध्यापासून 15 जूनपर्यंत फाटकाला कुलूप लावतो. पहिल्या वर्षी मला हे पटलं नव्हतं. वर्षातले सगळ्यात सुंदर चार आठवडे, रात्री नऊपर्यंत उजेड, आणि आपण घरी? राखणदारांनी वाद घातला नाही. एका सकाळी मला गळाशिवाय बोलावलं. पश्चिमेच्या कमळांत कार्प अंडी घालत होते. गुडघाभर पाण्यात एकमेकांवर चढत, पाठी पाण्याबाहेर, पानं फाटत होती, सगळा काठ खळखळत होता. आम्ही दहा फुटांवर उभे होतो आणि त्यांना आमची शुद्ध नव्हती.

मला वलगण आठवली. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्या-नाल्यांतून मासा उलटा चढतो, भाताच्या खाचरांत शिरतो. कोकणात त्याला वलगण म्हणतात, आमच्याकडे चढणीचा मासा. त्या रात्री गाव कंदील आणि बुट्ट्या घेऊन बांधावर जायचं. गळसुद्धा लागत नसे, हातानेच धरायचे. मीही धरलेत. पोटं अंड्यांनी तटतटलेली असायची आणि ते मासे आम्हांला जास्त गोड लागायचे. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. वर्षातून दोन रात्रींचा तो सण होता, आणि गरीब घरात त्या दोन रात्रींचं मोल मोठं होतं. पण सोळा जून, ज्या पहाटे इथल्या नद्या उघडतात, तीही मृग नक्षत्रातच येते. तेच नक्षत्र, तीच अंडी. तिथे त्या रात्री आम्ही बुट्ट्या घेऊन निघायचो, आणि इथे माणसं तीन महिने काठावरून दूर राहून मग फाटक उघडतात. ओढ्यातला चढणीचा मासा आता पूर्वीसारखा येत नाही, असं गावाकडून कानावर येतं. त्याला बंधारे, रसायनं, वाळूउपसा अशी कितीतरी कारणं आहेत, सगळा दोष आमच्या बुट्ट्यांचा नाही. तरी त्या सकाळनंतर मी कुलपाबद्दल कुरकुर केली नाही. आता मेमध्ये फाटकाला कुलूप लावायला मीच जातो.

सोळा जूनला पहाटे चार वाजता आमच्या काठावर दहा-बारा जण असतात आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. तो दिवस टेंचचा. शेवाळी हिरवा, खवले इतके बारीक की साबणासारखा गुळगुळीत, आणि छोटासा लाल डोळा. तळाचा चिखल उकरत तो खातो तेव्हा वर अगदी बारीक बुडबुड्यांचा फेस येतो, सोड्याच्या बाटलीसारखा. एखाददुसरा मोठा बुडबुडा आला तर तो बहुधा चिखलातला वायू असतो. फेस हळूहळू पुढे सरकत असेल तर त्याच्या खाली टेंच आहे. कमळांच्या कडेला, पानांपासून दोन हात अलीकडे, मूठभर मका आणि चिरलेली गांडुळं टाका. मग भेंड असं लावा: शेवटचा मणी गळापासून दोन बोटांवर आणि तो तळावर टेकलेला. मासा आमिष उचलतो, त्याबरोबर मणी उचलला जातो, भेंडावरचा भार निघून जातो आणि ते बुडण्याऐवजी वर येऊन आडवं पडतं. भेंड बुडण्याचीच वाट बघणाऱ्या माझ्या वारणाकाठच्या डोळ्यांना हे कळायला दोन उन्हाळे लागले. आडवं पडलं की काठी उचला.

क्रूशन कार्पलाही हीच पद्धत, फक्त सगळं अजून नाजूक. हा तळहाताएवढा, पितळी रंगाचा, गोलसर मासा. मिशा नसतात आणि पाठीवरचा पर बाहेरच्या बाजूला फुगीर असतो. कार्पला ओठांशी मिशांच्या दोन जोड्या असतात. खरा क्रूशन आता कमी झालाय, कारण लोक घरातले सोनेरी मासे तळ्यांत सोडतात आणि त्यांच्याशी त्याचा संकर होतो. मुलांना हे नीट सांगा. घरातला कुठलाही मासा कुठल्याही तळ्यात सोडायचा नाही. कार्प म्हणजे आपल्याकडे उजनीपासून सगळीकडे विकला जाणारा सिप्रनस. तो भारतात 1939 साली आणला गेला आणि इंग्लंडमध्ये मध्ययुगात. दोन्हीकडे बाहेरून आलेला आणि दोन्हीकडे आता घरचा.

मासा हातात घेण्याआधी हात भिजवा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कातडं समजा. कोरड्या हाताने तो पुसला गेला की तिथे बुरशी धरते. गवतावर नको, ओल्या गादीवर ठेवा. फोटो एकच. परत सोडताना पाण्यात फेकायचा नाही, दोन्ही हातांत धरून खाली न्यायचा आणि तो स्वतः निघेपर्यंत थांबायचं.

जुलै-ऑगस्टबद्दल लिहिताना मला अजूनही घशाशी येतं. चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आठवडाभर पाणी पंचविसावर होतं. वारा नाही. तळं शेवाळाने हिरवं झालेलं, आणि आम्ही, कारण मासे भराभर लागत होते, रोज किलो-किलो चारा ओतत होतो. एका रात्री गडगडाट झाला, पाऊस आला नाही. पहाटे पाचला राखणदारांचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा सगळ्या तळ्यावर तोंडं होती. शेकडो तोंडं, पाण्याला चिकटून, उघडमीट करणारी. मोठे ब्रीम आधीच आडवे झाले होते.

काय झालं होतं ते त्या दिवशी शिकलो. 5 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 12.8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 25 अंशांच्या पाण्यात फक्त 8.3. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच ओढून घेतं, म्हणून पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. त्यात न खाल्लेला चारा तळाशी कुजत होता आणि कुजण्यालाही प्राणवायू लागतो. शेजारच्या शेतकऱ्याने पंप दिला. तळ्याचंच पाणी ओढून हवेत उडवत आम्ही सकाळी अकरापर्यंत फवारे मारले. माझ्या शेजारी एक पंधरा वर्षांची मुलगी बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत होती, तीन तास न थांबता. बेचाळीस ब्रीम आणि सात टेंच गेले. त्यातला एक टेंच मी ओळखत होतो, त्याच्या शेपटीला खाच होती. माझ्या वहीत तो चार वेळा आहे.

त्यानंतर आमच्याकडे नियम असा: पाणी 23 च्या वर गेलं की जाळीत मासे साठवायचे नाहीत, दिवसाला मूठ-दोन मुठी चारा, आणि 25 झालं की गळ बंद. उन्हाळ्यात यायचं तर सूर्य उगवण्याआधी या, पण आधी पाच मिनिटं पाण्याकडे बघा. मासे वर येऊन श्वास घेत असतील तर गळ पेटीतच ठेवा आणि मला फोन करा, कितीही वाजले असले तरी. तसं नसेल तर कमळांच्या बाहेर ‘रड’ नावाचा मासा असतो. रोचचा भाऊ वाटावा असा, पण सोनेरी, परं लालभडक, आणि खालचा ओठ पुढे आलेला, कारण तो वरचं टिपून खातो. मणी न लावता पावाचा कपचा तरंगत सोडायचा. मुलांसाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

सप्टेंबरात पाणी निवळायला लागतं आणि मासा हिवाळ्यासाठी खाऊन घेतो. ऑक्टोबर माझ्या मते वर्षातला उत्तम महिना. काठाजवळ बोटभर माशांचे थवे एकदम पाण्याबाहेर उडाले, शिंतोडे उडाल्यासारखे, की खालून पर्च आलाय. अंगावर काळे पट्टे, पाठीवर टोकदार काट्यांचं शिड, पोटाखालचे पर शेंदरी. बांधाच्या पायरीवर अख्खं गांडूळ, तळापासून वीतभर वर. लवकर उचला, तो आमिष खोल गिळतो. नोव्हेंबरात पानगळीची पानं पाण्यात पडून कुजतात, आठ-दहा दिवस पाणी आंबट होतं आणि काही लागत नाही. तेव्हा आम्ही काठ साफ करतो, रस्सी टाकून पानं ओढतो.

हिवाळ्यात थोडंच सांगण्यासारखं आहे. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून गारठ्यात सगळ्यात ऊब तळाशी, आणि मासा बांधाजवळच्या आठ फुटांत दाटीने उभा असतो. सकाळी येऊन उपयोग नाही. दुपारी एक ते तीन. बारीक दोरी, वीस नंबरचा, म्हणजे अगदी बारीक, गळ, एकच मॅगट, आणि दर दहा मिनिटांनी चार-पाच मॅगट चाऱ्याला, त्याहून जास्त नाही. भेंड बुडत नाही, नुसतं थरथरतं. समुद्राकडून पाणकावळे येतात, म्हणून बांधाखाली आम्ही तारेचे पिंजरे सोडलेत. लहान मासे त्यांत शिरतात, पाणकावळ्याला शिरता येत नाही. गळ पिंजऱ्यापासून चार हात लांब ठेवा.

काल दुपारी मी जाऊन आलो. पाणी सहा अंश, वारा नैऋत्येचा, अजून धरलेला नाही. दोन तासांत तीन रोच, सगळ्यात मोठा वीतभर. उत्तरेच्या काठावर वादळात पडलेल्या विलोच्या फांद्या आम्ही मुद्दाम पाण्यातच ठेवल्या आहेत, कारण पर्चच्या माळा पहिल्यांदा तिथेच दिसतात. गेल्या एप्रिलमध्ये मी सतरा मोजल्या, त्याच्या आदल्या वर्षी नऊ होत्या. मार्चमध्ये मुलांना घेऊन आलात तर त्या फांद्या सोडून कुठेही बसा. येताना गमबूट आणा, बांधाची वाट अजून निसरडी आहे.